एक पोथी, दोन वाचक आणि योनाचा मासा

बायबलमधलं सगळ्यात विनोदी पुस्तक कोणतं, असं कुणी विचारलं तर मी बेधडक 'योना' सांगेन. जेमतेम चार अध्याय, चहा गार व्हायच्या आत वाचून होतात. देव योनाला सांगतो, ऊठ, निनवेला जा आणि तिथल्या लोकांना ताकीद दे, त्यांची पापं फार झाली. निनवे म्हणजे अश्शूरी साम्राज्याचं बडं शहर, आजच्या इराकमधल्या मोसुलपाशी त्याचे अवशेष आहेत. योना उठतो, याफो बंदर गाठतो आणि तार्शीशला जाणाऱ्या जहाजाचं भाडं भरून मोकळा होतो. देवाने पूर्वेला धाडलं, स्वारी निघाली पश्चिमेला. वाटेत वादळ होतं. खलाशी आपापल्या देवांचा धावा करतायत आणि देवाचा हा संदेष्टा जहाजाच्या तळाशी गाढ झोपलाय. चिठ्ठ्या टाकतात, त्याचंच नाव निघतं. मग समुद्रात रवानगी, मोठा मासा, तीन दिवस आणि तीन रात्री त्याच्या पोटात मुक्काम आणि शेवटी माशाने त्याला कोरड्या जमिनीवर ओकून टाकणं.

लोकांना गोष्ट इथपर्यंतच ठाऊक असते. खरी मजा पुढे आहे. योना नाइलाजाने निनवेला जातो आणि भाषण करतो. मूळ हिब्रूत हे भाषण मोजून पाच शब्दांचं आहे: आणखी 40 दिवसांनी निनवे उलथंपालथं होणार. बस्स, एवढंच. आणि ते पापी शहर एका फटक्यात सुधारतं! राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसतो. फर्मान निघतं की माणसांनीच नव्हे, गुराढोरांनीही उपास धरावा आणि गोणपाट पांघरावं. गोणपाट पांघरून उपाशी उभे असलेले बैल जरा डोळ्यांपुढे आणून बघा. देवाचं मन द्रवतं, शहर वाचतं. इतकं यश दुसऱ्या कुठल्या प्रवचनकाराच्या वाट्याला आलं असेल असं वाटत नाही. पण योना रुसतो! 'तू दयाळू आहेस हे मला आधीच माहीत होतं, म्हणून तर मी पळत होतो' असं देवाला सुनावून तो शहराबाहेर जाऊन बसतो. देव त्याच्या डोक्यावर सावलीला एक वेल उगवतो, दुसऱ्या दिवशी किडा ती वेल खातो आणि योना वेलीपायी जीव द्यायला निघतो. तेव्हा देव विचारतो, जी वेल तू लावली नाहीस, वाढवली नाहीस, तिची तुला कीव येते. मग ज्या शहरात डावा-उजवा हात न कळणारी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आहेत, शिवाय पुष्कळ गुरंढोरं आहेत, त्याची मला कीव येऊ नये? पुस्तक इथेच संपतं. योना काय उत्तर देतो, ते लिहिलेलंच नाही.

ज्यू माणसाला ही गोष्ट दरवर्षी योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, ऐकायला मिळते. आदल्या संध्याकाळपासून पोटात अन्न नाही की पाणी नाही. दुपार टळून गेलेली असते आणि सिनॅगॉगमध्ये योनाची चारही अध्यायांची पोथी वाचली जाते. त्याच्यासाठी गोष्टीचा जीव पश्चात्तापात असतो: निनवेसारखं शहर बदलू शकतं, तर तुला काय धाड भरली आहे? ख्रिस्ती माणसाला तीच गोष्ट भेटते ती मत्तयच्या शुभवर्तमानातून, म्हणजे येशूच्या चरित्रातून. तिथे येशू म्हणतो, योना जसा तीन दिवस माशाच्या पोटात होता, तसा मनुष्याचा पुत्र तीन दिवस पृथ्वीच्या पोटात राहील. झालं, माशाची कबर झाली आणि ओकून टाकणं म्हणजे पुनरुत्थान. येशूने पुढच्याच वाक्यात निनवेच्या पश्चात्तापाचाही दाखला दिलाय, पण तो कुणाच्या फारसा लक्षात राहिला नाही. रोमच्या भुयारी दफनभूमीतली सुरुवातीची ख्रिस्ती चित्रं पाहिली तर जागोजागी योना आणि त्याचा तो अजस्र जलचर आहे.

'ज्यू आणि ख्रिश्चन यांच्यात नेमका फरक काय?' या प्रश्नाला आपल्याकडे दोन उत्तरं मिळतात. एक, 'ज्यू हा ख्रिश्चनांचाच कुठलातरी पंथ असावा', आणि हे सपशेल चूक आहे. दुसरं, 'ख्रिश्चन येशूला मानतात, ज्यू मानत नाहीत'. हे बरोबर आहे, पण याने फारसं काही कळत नाही. मला विचाराल तर खरी मेख वाचण्याच्या पद्धतीत आहे. ख्रिस्ती वाचक ही पोथी एका माणसाकडे जाणारी गोष्ट म्हणून वाचतो, तिला आरंभ आहे आणि कळसही आहे. ज्यू वाचक तीच पोथी कसं जगायचं याची शिकवणी म्हणून वाचतो. ती संपत नाही, आणि संपू नये अशीच व्यवस्था करून ठेवलेली आहे. वर्षभर दर शनिवारी तोराचा, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांचा, एकेक भाग वाचत जातात. शरद ऋतूतल्या सिम्हात तोराच्या दिवशी शेवटचा भाग संपतो आणि त्याच बैठकीत पुन्हा 'उत्पत्ती'चं पहिलं पान सुरू होतं. वर गुंडाळ्या छातीशी धरून नाचतात, ते वेगळंच.

पुस्तकांची मांडणी पाहिली तरी हे दिसतं. ज्यूंच्या पवित्र शास्त्रात 24 पुस्तकं आहेत आणि प्रॉटेस्टंटांच्या जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूआधीच्या भागात, 39. पण 15 पुस्तकं कुणी वाढवलेली नाहीत. बारा छोट्या संदेष्ट्यांचं एक पुस्तक मोजायचं की बारा, शमुवेलाचं एक की दोन, असा तो हिशोब आहे. मजकूर तोच. फरक आहे तो क्रमात. ज्यूंची पोथी 'इतिहास' या पुस्तकावर संपते. तिथे इराणचा राजा कोरेश बॅबिलोनमधल्या बंदिवान ज्यूंना सांगतो, ज्याला यरुशलेमला जायचं त्याने जावं, देव त्याच्याबरोबर असो. म्हणजे शेवटचा शब्द काय, तर घरी चला. ख्रिस्ती जुना करार संपतो मलाखी या संदेष्ट्यावर. तो सांगतो की मोठा दिवस यायच्या आधी देव एलीया या जुन्या संदेष्ट्याला पाठवेल. पानं उलटली की मत्तय सुरू होतो, येशूची वंशावळ आणि जन्मकथा होते न होते तोच उंटाच्या केसांची वस्त्रं घातलेला, कमरेला कातडी पट्टा बांधलेला बाप्तिस्मा करणारा योहान रानातून अवतरतो. थेट एलीयाचाच वेष! नुसता क्रम बदलला आणि तीच पुस्तकं 'पुढील भागात पाहा' असं म्हणू लागली. अर्थात 'जुना करार' हे नाव ज्यू घेत नाहीत, नवा करार मानतच नाहीत तर जुना कुठला?

कॅथलिकांच्या जुन्या करारात 46 पुस्तकं आहेत. जादाच्या पुस्तकांत मक्काबींची दोन आहेत. आता हनुक्का हा ज्यूंचा दिव्यांचा सण ज्या लढाईची आठवण म्हणून साजरा होतो, ती लढाई सविस्तर सांगितलीय ती मक्काबींच्या पुस्तकांत. ती ज्यूंच्या बायबलमध्ये नाहीत, कॅथलिकांच्या बायबलमध्ये आहेत. सण एकाचा आणि त्याची कागदपत्रं दुसऱ्याच्या कपाटात. वर योहानाच्या शुभवर्तमानात येशू हनुक्काच्या दिवसांत यरुशलेमच्या मंदिरात फिरताना दिसतो. सणाच्या दिवसांत मंदिरात फिरणारा येशू नव्या करारात सापडतो आणि हनुक्काचं नाव ज्यूंच्या बायबलमध्ये कुठेच सापडत नाही!

दहा आज्ञांचं तर विचारूच नका. बायबलमध्ये आज्ञांना क्रमांक दिलेले नाहीत, ते नंतर ज्याचे त्याने घातले. ज्यूंच्या मते 'मी तुझा देव परमेश्वर आहे' हीच पहिली आज्ञा. बहुतेक प्रॉटेस्टंटांच्या मोजणीत दुसरे देव नकोत ही पहिली आणि मूर्ती नकोत ही दुसरी. कॅथलिक या दोन्ही एकत्र मोजतात, मग दहाचा आकडा भरायला शेवटच्या लोभाच्या आज्ञेचे दोन भाग करतात. परिणामी 'खून करू नकोस' ही ज्यू आणि बहुतेक प्रॉटेस्टंटांची सहावी आज्ञा आहे, तर कॅथलिकांच्या यादीत सहावी आहे 'व्यभिचार करू नकोस'. तेव्हा वसईचा कॅथलिक म्हणाला 'माझ्या हातून सहावी आज्ञा मोडली', तर प्रकरण बायकोपर्यंत जाईल. अहिल्यानगरचा प्रॉटेस्टंट तेच म्हणाला तर पोलिसांपर्यंत.

एवढं सगळं सारखं, तर हे लोक वेगळे झाले कधी? 'ज्यू धर्म आई आणि ख्रिस्ती धर्म तिची लेक' असं सर्रास सांगितलं जातं. हल्लीचे बरेच अभ्यासक त्यांना भावंडं म्हणतात, आणि मलाही तेच जास्त पटतं. कारण आपण आज ज्याला ज्यू धर्म म्हणतो, रब्बी म्हणजे धर्मशास्त्राचे पंडित आणि त्यांच्या वादचर्चांचा ग्रंथ ताल्मुद यांच्याभोवती फिरणारा, तो येशूच्या वेळी तसा नव्हताच. तेव्हा सगळं केंद्र यरुशलेमच्या मंदिरात होतं. तिथे याजक होते, पशूंचे बळी होते, यात्रेला लोटणारी गर्दी होती. इ.स. 70 मध्ये टायटस या सेनापतीच्या रोमन सैन्याने ते मंदिर जाळून जमीनदोस्त केलं. धर्माचा सगळा व्यवहार जिथे चालायचा ती जागाच गेली. मग पापाचं परिमार्जन कसं करायचं? देवाला भेटायचं कुठे? येशूचे अनुयायी म्हणाले, बळी एकदाचा होऊन गेला, क्रुसावर, आता दुसऱ्या बळीची गरज नाही. यव्ने गावात जमलेले रब्बी म्हणाले, बळींच्या जागी प्रार्थना, अभ्यास आणि सत्कृत्यं. म्हाताऱ्या बापाचं घर पडावं आणि दोन मुलांनी त्याच दगडांची दोन वेगळी घरं बांधावीत, तसं हे झालं. आणि भाऊबंदकी म्हटल्यावर वारस कोण हा वाद ओघाने आलाच.

खुद्द येशू मात्र जन्मभर ज्यूच होता. आठव्या दिवशी त्याची सुंता झाली हे लूकने स्वच्छ लिहून ठेवलंय. नाताळ 25 डिसेंबरला धरला तर आठवा दिवस येतो 1 जानेवारी, आणि शतकानुशतकं चर्चच्या पंचांगात 1 जानेवारी हा येशूच्या सुंतेचा सण होता. 31 डिसेंबरच्या रात्री धिंगाणा घालणाऱ्या जगाला हे सांगून बघा, कुणाचा विश्वास बसणार नाही. येशूचं शेवटचं भोजन, मत्तय, मार्क आणि लूक यांच्या सांगण्याप्रमाणे, वल्हांडण या ज्यू सणाचं भोजन होतं. सगळ्यांत मोठी आज्ञा कोणती असं विचारल्यावर त्याने सांगितलेल्या दोन आज्ञा, देवावर पूर्ण मनाने प्रीती कर आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, या दोन्ही तोरामधल्याच आहेत. त्याच्या थोडंसंच आधी होऊन गेलेल्या हिल्लेल या रब्बीकडे एक टवाळखोर आला होता म्हणे. म्हणाला, मी एका पायावर उभा राहतो, तेवढ्या वेळात मला अख्खी तोरा शिकव. हिल्लेल म्हणाला, जे तुला स्वतःला नकोसं वाटतं ते दुसऱ्याच्या बाबतीत करू नकोस. ही सगळी तोरा, बाकीचं त्यावरचं भाष्य. आता जा आणि ते शीक. लोक हे वाक्य सांगताना 'जा आणि शीक' हा भाग गाळतात. ज्यू धर्म खरा सुरू होतो तो त्या तीन शब्दांपासून.

वाटा फुटल्या त्या स्वयंपाकघरात. नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्यं' या पुस्तकात गोष्ट आहे. येशूचा शिष्य पेत्र याफोला, होय, योना जिथून पळाला त्याच बंदरात, एका चांभाराच्या घरी उतरला होता. दुपारची वेळ, पोटात कावळे ओरडतायत, खाली स्वयंपाक चाललाय आणि पेत्र गच्चीवर प्रार्थनेला बसलाय. त्याला दृष्टान्त होतो: आकाशातून मोठी चादर खाली येते, तिच्यात चतुष्पाद, सरपटणारे, उडणारे, सगळे प्राणी. वाणी होते, 'ऊठ, मार आणि खा.' पेत्र म्हणतो, छे छे प्रभू, असलं अशुद्ध मी कधी खाल्लेलं नाही. तीनदा हाच संवाद होतो. तेवढ्यात कर्नेल्य नावाच्या रोमन शताधिपतीची माणसं दारात हजर, आणि परक्यांच्या घरी जाऊन जेवायचा मार्ग पेत्राला मोकळा होतो. पुढे इ.स. 50 च्या आसपास यरुशलेममध्ये सभा भरली. ज्यू नसलेल्यांना येशूच्या मागे यायचं असेल तर त्यांनी सुंता करावी का, असा प्रश्न होता. येशूचा धर्म परक्यांत नेणारा प्रचारक पौल तावातावाने 'नको' म्हणणाऱ्यांत होता, आणि शेवटी 'नको' असंच ठरलं. मोठ्या माणसांना बेशुद्ध करण्याची सोय नसलेल्या त्या काळात या निर्णयाचा धर्मप्रसाराला किती हातभार लागला असेल, ते मी सांगायला नको. गंमत म्हणजे यानंतर लगेचच पौलाने तीमथ्य या आपल्या सहकाऱ्याची सुंता स्वतः करवली, कारण तीमथ्याची आई ज्यू होती.

ज्यूंनी मात्र खाण्याचे नियम सोडले नाहीत, उलट आणखी बारीक केले. जनावर रवंथ करणारं आणि दुभंगलेल्या खुरांचं हवं. डुकराचे खूर दुभंगलेले आहेत पण ते रवंथ करत नाही, म्हणून बाद. उंट रवंथ करतो पण खुराला नापास. मासा खवले आणि पर असलेला हवा, म्हणजे रावस चालेल. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या नाही. 'करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नकोस' हे वाक्य तोरामध्ये तीनदा येतं. तेवढ्यावरून मांस आणि दूध एका पंगतीत नको, एका भांड्यात नको, भांड्यांचे दोन वेगळे संच हवेत, मांस खाल्ल्यावर दूध प्यायला काही तास थांबायला हवं, इथपर्यंत गाडी गेली. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंचं मात्र यात काही अडलं नाही. मटणाच्या रश्श्यात दही नको ना, मग नारळाचं दूध घाला. ते कुठल्याच करडाच्या आईचं नसतं.

याच बेने इस्राएल समाजात एक दंतकथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. डेव्हिड रहाबी नावाचा ज्यू कोकणात आला. शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून 'शनवार तेली' म्हणवले जाणारे हे लोक खरोखर ज्यू आहेत का, हे त्याला बघायचं होतं. त्याने बायकांना मिसळीची मासळी दिली आणि रांधायला सांगितलं. त्यांनी खवले आणि पर असलेले मासे निवडून घेतले, बाकीचे बाजूला सारले. रहाबीची खात्री पटली. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आलेले हे लोक, अशी त्यांची परंपरा सांगते. त्या अपघातात पोथ्या गेल्या, हिब्रू विसरली गेली, घरात मराठी आली, आडनावं पेणकर, रोहेकर, दिवेकर झाली. तरी आठव्या दिवशी सुंता, शनिवारी सुट्टी, मासळीची निवड आणि 'शमा'चं ते एक वाक्य, हे इस्राएला ऐक, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच, एवढं उरलं. शास्त्र हातात नसताना नुसत्या करण्यावर ज्यू धर्म तग धरू शकतो, याचं इतकं चोख उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

शनिवारच्या सुट्टीवरून आठवलं. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत शब्बाथ. रब्बींनी 39 प्रकारची कामं मना केली आहेत, आणि विस्तव पेटवणं त्यांत येतं. वीज आली तसा तोच नियम बटनालाही लागला. म्हणून इस्राएलमधल्या अनेक इमारतींत शब्बाथला लिफ्ट आपोआप प्रत्येक मजल्यावर थांबत वर-खाली करत राहते. माणूस बटन दाबत नाही, लिफ्ट आपली तिच्या मर्जीने चाललेली असते, हा योगायोगाने तिच्यात शिरतो. ख्रिस्ती लोकांनी पुनरुत्थानाचा दिवस म्हणून रविवार धरला. सम्राट कॉन्स्टंटाईनने इ.स. 321 मध्ये तो सुट्टीचा दिवस केला आणि लिफ्टचा प्रश्नच मिटला.

पाप हा विषय ख्रिस्ती धर्मात मोठा. आदामाने फळ खाल्लं आणि सगळ्या मानवजातीला मूळ पाप चिकटलं, हे ऑगस्टीनने चौथ्या-पाचव्या शतकात पक्कं मांडलं. ज्यू परंपरेत मूळ पाप नाही. माणसात वाईट ओढ असते आणि चांगलीही, ज्याची त्याने सांभाळावी. त्या फळाची चर्चा मात्र रब्बींनी चवीने केलीय: द्राक्ष, अंजीर, एकाच्या मते तर गहू. सफरचंदाचं नाव त्या गोष्टीत कुठेही नाही. सैतानाचंही तसंच. ईयोबाच्या पुस्तकात तो देवाच्या दरबारातला सरकारी वकील वाटतो, माणसांवर आरोप ठेवायचे हे त्याचं काम. बंडखोर खलनायकाची बढती त्याला ख्रिस्ती परंपरेत मिळाली.

आता मशीहा, म्हणजे देव पाठवणार तो तारणहार. इथे मात्र फरक खराखुरा आहे, हसून उडवण्याजोगा नाही. ज्यूंच्या लेखी मशीहा आला की जग बदललेलं दिसायला हवं. यशया म्हणतो तसे तलवारी मोडून लोक नांगराचे फाळ करतील, विखुरलेले परत येतील, कुणी कुणाशी लढणार नाही. बातम्या लावून बघा, म्हणजे तो आला का ते कळेल, असं त्यांचं साधं म्हणणं. ख्रिस्ती म्हणतात, तो आला, आपल्यासाठी मेला, उठला, आणि उरलेलं काम पूर्ण करायला पुन्हा येईल. म्हणजे वाट दोघंही बघतायत. दोघांनी भांडू नये, तो आला की त्यालाच विचारू, 'काय हो, पहिलीच खेप का?', असा एक जुना ज्यू विनोद आहे. मला त्याहून आवडतं ते रब्बी योहानान बेन झक्काई यांचं सांगणं. मंदिर जळाल्यावर यव्नेत शाळा उभी करणारे ते हेच. ते म्हणत, तुझ्या हातात रोप असेल आणि कुणी म्हणालं मशीहा आला, तर आधी रोप लाव, मग त्याच्या स्वागताला जा. इतक्या वेळा खोटी वर्दी ऐकलेल्या समाजाचं शहाणपण आहे ते.

आणि देवाशी वाद घालायची मुभा! अब्राहामाने सदोम वाचवायला देवाशी केलेली घासाघीस दोन्ही बायबलांत आहे: पन्नास नीतिमान सापडले तर? पंचेचाळीस? चाळीस? तीस, वीस, शेवटी दहावर सौदा. पण ताल्मुदात हा वाद कुठल्या कुठे पोचतो. मातीच्या भट्टीचा प्रश्न होता, खापांची बनवून मध्ये वाळू भरलेली भट्टी विटाळते की नाही. रब्बी एलिएजर म्हणाले नाही, बाकी सगळे म्हणाले विटाळते. एलिएजर म्हणाले, माझं खरं असेल तर हे झाड सांगेल. झाड उखडून शंभर हात लांब गेलं. बाकीचे म्हणाले, झाड हा पुरावा नाही. ओढा उलटा वाहिला. ओढाही पुरावा नाही. शाळेच्या भिंती कलू लागल्या, तेव्हा रब्बी यहोशुआ भिंतींवरच खेकसले: विद्वान वाद घालत असताना तुमचं काय काम? भिंती यहोशुआंच्या मानाखातर पडल्या नाहीत आणि एलिएजरांच्या मानाखातर सरळही झाल्या नाहीत. अखेर आकाशवाणी झाली की एलिएजरचंच बरोबर आहे. यहोशुआ उभे राहिले आणि तोरामधलंच वाक्य देवाला ऐकवलं: 'ती स्वर्गात नाही.' तोरा आता आम्हाला दिलीय, आम्ही बहुमताने ठरवू. नंतर कुणीतरी एलीयाला विचारलं, तेव्हा देव काय करत होता? एलीया म्हणाला, हसत होता. म्हणत होता, पोरांनी मला हरवलं.

ख्रिस्ती धर्मातही वाद कमी झाले नाहीत, पण ते वेगळ्या गोष्टींवर झाले. इ.स. 325 मध्ये निकेआला धर्मगुरू जमले ते पुत्र पित्याच्या बरोबरीचा आहे की नाही हे ठरवायला, आणि ठराव झाला तो काय मानायचं याचा. यव्ने ते ताल्मुद या वाटेवरचे वाद बहुतांशी काय करायचं याचे. पहिल्या वादात न पटणारा पाखंडी ठरतो. दुसऱ्यात हरलेल्याचं मतही पुस्तकात छापलं जातं, पुढच्या पिढीला भांडायला हाताशी असावं म्हणून. अर्थात एलिएजरांना शेवटी बहिष्कार भोगावा लागला, तेव्हा इकडेही सगळं गोड नव्हतं.

गोड नसलेली मोठी बाब वगळून पुढे जाता येणार नाही. वारस कोण हा वाद एका भावाच्या हाती राज्य आल्यावर वाद राहिला नाही. 'ख्रिस्ताचे मारेकरी' हा शिक्का मारून युरोपात ज्यूंना शतकानुशतकं छळलं, हाकललं, मारलं. सगळ्याच ज्यूंवर तो दोष ठेवता येत नाही, हे कॅथलिक चर्चने अधिकृतपणे म्हटलं ते 1965 मध्ये, नाझींचा नरसंहार होऊन वीस वर्षं उलटल्यावर. 1986 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे रोमच्या सिनॅगॉगमध्ये गेले आणि त्यांनी ज्यूंना थोरले भाऊ म्हटलं. थोरले भाऊ नदीपलीकडेच राहत होते. यायला मात्र 19 शतकं लागली.

मराठीत या दोन्ही वाचकांचे माग सापडतात. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री 1579 मध्ये गोव्यात आला. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना जुन्या पुराणांच्या जागी वाचायला काहीतरी हवं होतं, म्हणून त्याने 'ख्रिस्तपुराण' रचलं. ते 1616 मध्ये राचोलला छापलं गेलं, अकरा हजारांच्या आसपास ओव्या. पहिलं पुराण जुन्या कराराचं, दुसरं येशूचं, आणि पहिल्याची सगळी वाट दुसऱ्याकडे जाणारी. नियमांची यादी देऊन काम भागलं नसतं, गोष्टच सांगायला हवी होती, आणि ती ओवीत सांगितली.

उत्तरेला अलिबाग-मुंबईकडचे शनवार तेली अजून पोथीवाचून होते. 1829 मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन मुंबईत आले. बेने इस्राएल मुलं मिशनच्या शाळांत शिकू लागली. 1832 मध्ये विल्सननी मराठीतून हिब्रू व्याकरणाचं पुस्तकच काढलं. हिशोब सरळ होता: हे लोक मूळ शास्त्र वाचतील आणि त्यांना त्यात येशू दिसेल. मंडळींनी शास्त्र वाचलं, हिब्रू गिरवली, मिशनऱ्यांचे आभार मानले आणि ती आणखी पक्की ज्यू झाली. ख्रिस्ती झाले ते फार थोडे. 1874 मध्ये पुण्यात वल्हांडणाची सचित्र पोथी मराठी भाषांतरासह छापली, तिच्यात साड्या नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात. 19 व्या शतकाच्या उत्तरार्धात तर त्यांनी हरिदासांची अख्खी रीत उचलली आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं लावून मराठीत कीर्तनं करायला सुरुवात केली. विल्सनसाहेबांना हवी होती ती गोष्ट त्यांनी ऐकली, गायली, टाळ-पेटीवर रंगवली. फक्त ती मलाखीशी थांबली, मत्तयपर्यंत गेली नाही.